चातुर्मासातला मुहूर्त

लग्नपत्रिका हाती आली की आमची ही मुहूर्त बघते, मी पत्ता बघतो. परवा पत्ता निघाला वरळीच्या ‘डोम’चा. म्हणजे आपलं सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम. ते ऐकून आमचे शेजारी कडाडले, “स्टेडियमात लग्नं? खेळाचा खेळखंडोबा चालवलाय नुसता!”

हे गृहस्थ उभ्या आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलेले नाहीत.

मी म्हणतो, १९५७ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूत सोवळंओवळं कधी होतं? आमचे वडील तिथे दारासिंगच्या कुस्त्यांना जायचे. ते कुस्ती बघून आले की नाटक, यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पुढे गाणीबजावणी झाली, प्रदर्शनं झाली. २०२० साली कोरोनात तिथे रुग्णांच्या खाटा लागल्या. तेव्हा ‘खेळाच्या जागेत आजारी माणसं कशाला?’ असं विचारायला कुणी गेलं नाही. छप्पर मोठं असलं की त्याखाली सगळ्यांनी यावं. लग्नाच्या वऱ्हाडानंसुद्धा!

माझं भांडण निराळंच आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये अमेरिकेतले एनबीएचे दोन संघ तिथे बास्केटबॉल खेळून गेले. त्याआधी २६ जुलै २०१४ला प्रो-कबड्डीचा पहिला सामना तिथेच झाला. यू मुंबानं जयपूरला ४५-३१ असं लोळवलं. ३१ ऑगस्टला त्याच जयपूरनं त्याच छपराखाली आपल्याला अंतिम सामन्यात ३५-२४ असं हरवलं. मी दोन दिवस जेवलो नाही. (ही म्हणते, एकच दिवस.) पण ज्या मातीतून ही कबड्डी मॅटवर गेली, ती वरळी-परळ-लालबागच्या गल्ल्यांतली. तिथल्या मैदानाचं जुलैत तळं होतं आणि पोरं जिन्यात बसून पाऊस मोजतात.

तेव्हा माझी मागणी एवढीच, की शहरातल्या अशा प्रत्येक छपराखाली पावसाळ्यातले पंधरा दिवस या पोरांसाठी राखून ठेवावेत. फुकट! टीव्ही नको, दिवे नकोत, नट-नट्या नकोत. मालकांचं नुकसान होईल म्हणता? अहो, चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त असतात कुठे? हॉल रिकामा, पोरं रिकामी. जमवून टाका की!

हे सगळं शेजाऱ्यांना ऐकवलं. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले,

“सगळं पटलं. पण कॅरमचं काय?”