समेट आणि निकाल

बरखेड्यातील आमची वस्ती भोपाळच्या अवजड विद्युत कारखान्यामुळे उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे मल्याळी तर पलीकडे बंगाली, अशा या वस्तीत भांडणास भाषेचे निमित्त क्वचितच लागते. नळाचे पाणी अथवा अंगणातील वाळवण तेवढ्यास पुरते. परंतु आमचे घर कोंकणी बोलणारे आणि पेशा मराठी शिकविण्याचा. त्यामुळे एका जुन्या तंट्याची कळ आम्हांस इतक्या दूरही जाणवते.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे? वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. निकाल लागला, भांडण मिटले नाही. भाषेचा वाद पुढे वीस वर्षे धुमसत राहिला आणि १९८६ च्या अखेरीस त्यात माणसांचे प्राणही गेले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीस राजभाषा केले व शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेवला. दोन्हींकडील कडव्या मंडळींस ही तडजोड अपुरीच वाटली. आमच्या मते तो तिचा दोष नव्हे. ज्यात एका पक्षास सर्व काही मिळते, त्यास समेट म्हणत नाहीत. (बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली. त्यांतली कोणती परकी, हे आम्हांस तरी कधी कळले नाही.)

हे सांगणाऱ्या आमच्याच हातून गेल्या वर्षी एक चूक घडली. वर्गातील दोन जिवलग मित्रांचे बिनसले. आम्ही दोघांस फळ्यापुढे उभे केले, चुका वदवून घेतल्या व हस्तांदोलन करविले. आठवडा सरला नाही तोच 'तू सर्वांदेखत कबूल केलेस' या शब्दांवरूनच नवे भांडण पेटले. संसद आमच्यापेक्षा शहाणी ठरली! १९९६ च्या लवाद व समेट कायद्यात तिने अशी तरतूद केली, की समेटाच्या बोलण्यात दिलेली कबुली पुढे पुरावा म्हणून वापरता येऊ नये. माणूस चूक मान्य करतो, पण उद्या तीच आपल्यावर फेकली जाईल या धास्तीने त्याची जीभ अडखळते.

त्या दोघांस आम्ही पुन्हा बोलाविले. या खेपेस शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. आधी आम्ही स्वतः त्यांची क्षमा मागितली. मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. शेवटी धाकट्या चणीच्या मुलाने तोंड उघडले. तो काय म्हणाला, ते आम्ही येथे लिहिणार नाही.