आमच्या बँकेत असं चालत नाही

‘क्रेडिट’ हा शब्द आपल्या मालकीचा आहे, अशी माझी बावीस वर्षे समजूत होती. बी.कॉम.ला असताना तो पाठ केला, बँकेत चिकटल्यावर रोज लिहिला आणि त्याच्याच जोरावर उदगीरसारख्या गावात दोन खोल्यांचे घरही बांधले. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे. जमा बँकेत होते आणि नावे घरात पडते, एवढी भर आमच्या सौ.ने घातली आहे. यापलीकडे या शब्दात काही शिल्लक असेल असे मला वाटले नव्हते.

२०२५च्या जूनमध्ये एका संध्याकाळी ताई आणि तिची मुलगी दारात उभ्या राहिल्या. ताईच्या हातात पिशवी, पोरीच्या हातात प्लास्टिकची फाईल. फाईल बघून माझ्या पोटात गोळा आला. नातेवाईक पिशवी घेऊन आले तर जेवून जातात; फाईल घेऊन आले तर आपल्यालाच घेऊन जातात.

पाणी पिऊन झाल्यावर भाची म्हणाली, “मामा, माझे चव्वेचाळीस क्रेडिट जमा झालेत म्हणे. ते काढता येतील का?”

मी सवयीने विचारले, “कोणत्या शाखेत?”

“कॉमर्स शाखेत.”

तुम्ही हसाल. मीही हसलो. पण ताई हसली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रकरण विनोदाचे नाही.

भाची रोज एसटीने उदगीरला येऊन बी.कॉम. करत होती. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. परीक्षेच्या सुमारास भाऊजींचा हात पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडला. हात वाचला, पण गिरणी चालवण्याच्या कामाचा राहिला नाही. तेव्हा पोरीने पहिले वर्ष पुरे करून थांबायचे ठरवले. थांबताना तिला एक आधार होता. प्रवेशाच्या वेळी तिला सांगितले होते की, आता नवीन शैक्षणिक धोरण आले आहे. एका वर्षानंतर सोडले तरी सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी. रिकाम्या हाताने कुणी जात नाही. मोंढ्यातल्या एका आडत्याने सकाळी हिशेब लिहायला ठेवतो म्हणून शब्द दिला होता. फक्त ‘काहीतरी कागद आण’ म्हणाला होता.

तो काहीतरी कागद आणायला ती कॉलेजच्या खिडकीवर गेली. कॉलेजचे नाव सांगत नाही. खिडकीतले गृहस्थ आमचे खातेदार आहेत. त्यांनी विचारले, “वरचे चार केले का?”

“कोणते चार?”

“सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर चव्वेचाळीसवर आणखी चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स लागतो, नाहीतर इंटर्नशिप.”

“हे कुणी सांगितलं नाही.”

“नोटीस लावली होती.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन ती नोटीस पाहिली. होती. इंग्रजीत होती, सायकल स्टँडच्या भिंतीवर होती आणि तिच्या पोटावर टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेची जाहिरात होती. पहिले बक्षीस बोकड, हे मात्र स्वच्छ मराठीत होते.

ताईचा प्रश्न साधा होता. “आरं, पोरगी पास झाली ना? मग कागद का देईनात?” या प्रश्नाचे उत्तर कॉमर्सच्या पदवीधराला यायला हवे, असे ठरवून मी तीन रात्री नियम वाचले.

क्रेडिटला आता सरकारी मराठीत ‘श्रेयांक’ म्हणतात. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायची तर १६० ते १७६. इथपर्यंत मला डुलकी न येता कळले. तासांवर शिक्षण मोजायची ही रीत अमेरिकेतली. अँड्र्यू कार्नेगी नावाच्या धनिकाने १९०५ साली प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन फक्त खऱ्या कॉलेजांना द्यायचे, आणि खरे कॉलेज ओळखायचे तर तिथे येणारी मुले शाळेत किती तास शिकून आली ते मोजायचे, असे ठरले. त्या हिशेबातून ही मोजणी रूढ झाली. म्हणजे क्रेडिटचे मूळ पेन्शनच्या नियमात आहे. तेव्हा कारकुनाला ते कळायला हरकत नव्हती.

हरकत पुढे आली. नुसती बेरीज भरून भागत नाही. प्रत्येक कप्पा वेगळा भरावा लागतो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी. ही यादी मी मोठ्याने वाचली तेव्हा सौ.ने आतून घाबरून विचारले, “कुणाचा रक्ताचा रिपोर्ट आला?”

मी तिला समजावले. मुख्य विषय, जोडविषय, दुसऱ्या शाखेतला विषय, व्यवसायाचे कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, समाजसेवा. खेळाचे, एनएसएसचे वेगळेच. मुख्य विषयात डोंगर रचला तरी मूल्यशिक्षणाचे दोन राहिले तर पदवी अडते. सौ. म्हणाली, “मग असं सांगायला यांचं काय जातं?”

माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. सौ.ने ते एका वाक्यात सांगितले. मला लेख लिहावा लागतो.

गैरसमज नको. मी या योजनेच्या विरोधात नाही. आमच्या वेळी पास की नापास, एवढाच हिशेब. दोन वर्षे शिकून घरी बसलेल्या पोराच्या हाती गुणपत्रिकेशिवाय काही नसे. माझ्या वर्गातले असे दोघे आजही स्वतःला ‘बी.कॉम. अपिअर्ड’ म्हणवतात, पंचवीस वर्षे ते अपिअर होत आहेत. अशांना अर्ध्या वाटेवर सन्मानाने उतरू द्यायचे, पुन्हा चढू द्यायचे, ही कल्पना उत्तमच. माझे भांडण एवढेच आहे की बस कुठे थांबते ते आतल्या प्रवाशाला उतरायच्या आधी सांगा.

किल्ल्याकडे सकाळी फिरायला येणारे एक प्राध्यापक म्हणाले, “अहो, सगळं वेबसाईटवर आहे. विद्यार्थ्यानंच जागरूक राहायला हवं.” मी किल्ल्याकडे बोट दाखवले. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला हरवून तह केला. साठेक लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला गेला. पण आपले काय काय गेले ते निजामाला तहाच्या वेळीच कळले होते. आमच्या पोरीला वर्ष संपल्यावर कळले. शत्रूशी वागताना जी रीत पाळली, ती विद्यार्थ्याशी वागताना पाळायला काय हरकत आहे?

आणि गंमत अशी की या कारभाराने स्वतःला बँक म्हणवून घेतले आहे! ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ २०२१च्या जुलैत सुरू झाली. खाते मुलीचे, भरणा मात्र संस्थेनेच करायचा. खातेनंबर बारा आकडी. ठीक आहे. पण मग बँकेसारखे वागा ना!

आम्हा बँकवाल्यांना लोक नावे ठेवतात. ठेवण्यासारखी कामे आम्ही करतो. ‘जेवणानंतर या’ हे वाक्य मीही खिडकीतून टाकले आहे. तरीसुद्धा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे की, खाते उघडायचा अर्ज, पैसे भरायची स्लिप, पासबुक, सगळे हिंदी, इंग्रजी आणि लोकांच्या भाषेत हवे. पासबुकात जमा, नावे आणि शिल्लक असे तीन रकाने असतात, आणि अंगठा उठवणारी म्हातारीसुद्धा ‘बाकी किती राहिली’ म्हणून मला दरडावू शकते. खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षे कुणी फिरकले नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण त्यानंतरही मालक किंवा वारस आला तर पैसे परत द्यावे लागतात. श्रेयांकाचे आयुष्य मात्र जास्तीत जास्त सात वर्षे. पोरीने घाम गाळून मिळवलेले चव्वेचाळीस सात वर्षांनी बाद, आणि कुणी विसरून गेलेले चव्वेचाळीस रुपये आम्ही जन्मभर सांभाळायचे! आमच्या बँकेत असं चालत नाही.

मी शाळेत होतो तेव्हा, १९९४च्या १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी नांदेडला विद्यापीठ झाले. वडील म्हणाले होते, आता दाखल्यासाठी औरंगाबादला जायला नको. अंतर कमी झाले हे खरे. आता उरले आहे ते खिडकीच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसातले, दीड हाताचे. ते तोडायला पैसा लागत नाही. प्रवेशाच्या दिवशी मराठीत एक पान हातात द्या: कोणत्या कप्प्यात किती हवे, मध्येच सोडायचे तर वर काय लागते, किती वर्षांत परत यायचे. प्रत्येक सत्राच्या निकालाबरोबर दुसरे पान द्या: मिळाले किती, राहिले किती. आणि शिकणे थांबवतो म्हणून कुणी खिडकीवर आले तर फॉर्म पुढे करण्याआधी एक खुर्ची पुढे करा. बस्स. यासाठी नवीन धोरण लागत नाही.

तोवर मी माझ्यापुरता बंदोबस्त केला आहे. एक लाल कापडी बांधणीची वही आणली, कप्प्याकप्प्याचे रकाने आखले आणि पहिल्या पानावर ‘जमा ४४’ लिहून खाली सही ठोकली. शिक्काही मारणार होतो, पण नोकरी आठवली.

आडत्याने नंतर दुसराच मुलगा ठेवला. पोरगी सध्या गिरणी चालवते. परवा गेलो तेव्हा वही दळणाच्या हिशेबाच्या वहीशेजारी होती, दोन्हींवर सारखेच पीठ. मी विचारले, “काय करूलालीस?”

“बाकी काढूलाले, मामा. अठ्ठ्याऐंशी राहिलेत,” ती म्हणाली आणि पट्टा चढवायला उठली. “तारीख तेवढी लाल शाईनं लिहून ठिवा.”

मी लिहिली. खातेदाराने सांगितल्यावर आमच्या बँकेत लगेच लिहितात.