गाडी कोण चालवत होतं?



"पॉलिसीवर यांचं नाव आहे, गाडी मी चालवते. उद्या काही झालं तर विमा मिळेल का?" हा प्रश्न या चातुर्मासात मला तीन जणींनी विचारला. एका सासूबाईंनी तर सुनेला गाडीची चावीच द्यायची नाही असं ठरवलंय. का, तर "तिचं नाव कागदावर नाही." केदारखेड्याहून भोकरदनला जायचं असो की राजूरच्या गर्दीतून जालन्याला, सूनबाई मागच्या सीटवर आणि गाडी दिराच्या हातात. दीर घरी नसेल तर जाणंच रद्द.

हा समज मला वाटतं परदेशातल्या नातेवाईकांकडून आलाय. अमेरिकेत विमा घेताना घरातल्या चालवणाऱ्या सगळ्या माणसांची नावं कंपनीला सांगावी लागतात, आणि यादीबाहेरच्या माणसाच्या हातून अपघात झाला तर तिथं वाद होतात. आपल्याकडे अशी यादीच नाही. आपला विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने आणि चालू लायसन्स असलेल्या कुणीही गाडी चालवली, मग ती सून असो, भाचा असो की शेजारी, पॉलिसी लागू राहते. तुमच्या पॉलिसीत ड्रायव्हरबद्दलचा एक छोटा परिच्छेद असतो, तो एकदा चष्मा लावून वाचा. त्यात नातं विचारलेलं नाही, लायसन्स विचारलंय. शिकाऊ लायसन्ससुद्धा चालतं, पण मग गाडीला एल लावलेला हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला, शिकवणारा माणूस बसलेला हवा.

म्हणजे सूनबाईला चावी द्यायला विमा कंपनीची हरकत नाही. हरकत कुणाची आहे ते ज्याच्या त्याच्या घरात ठरवावं!

पण मला आज लिहायचंय ते वेगळंच. या चुकीच्या समजापायी आपल्या घरांत एक खोटं अगदी सहज बोललं जातं. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या हातून गेल्या वर्षी एका मोटारसायकलवाल्याला धक्का लागला. त्याचा पाय मोडला. मुलीकडे लायसन्स होतं, गाडी वडिलांची, विमा चालू. सगळं नीट. तरी पोलीस यायच्या आत घरातल्या चार मोठ्या माणसांनी ठरवलं की गाडी वडील चालवत होते असं सांगायचं. "मुलीची जात, उद्या लग्न ठरायचंय, आणि विम्यावर नावही त्यांचंच." एजंटनेही मान डोलावली म्हणे. मुलगी मात्र ऐकेना. ती म्हणाली, त्या माणसाने मला पाहिलंय, मी त्याला पाणी पाजलंय, आता मी तिथं नव्हतेच असं कसं सांगू? तिने खरं सांगितलं. क्लेमला काही अडचण आली नाही.

वडिलांचं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं ते बघा. जखमी माणूस जबाबात सांगणार की गाडी मुलगी चालवत होती. रस्त्यावरचे लोक तेच सांगणार, आणि आता दर दुकानावर कॅमेरा आहे. कंपनीचा माणूस पंचनामा, दवाखान्याचे कागद आणि क्लेमचा फॉर्म शेजारी ठेवून वाचतो. तीन कागदांवर दोन ड्रायव्हर दिसले की जो क्लेम सरळ मिळणार होता, तोच अडतो. शिवाय न चालवलेल्या गाडीचा गुन्हा वडिलांवर. मुलीला वाचवायला म्हणून सांगितलेलं खोटं बापाला कोर्टात उभं करतं.

दुसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो, त्यांत खोटा लेख करणं हा एक आहे. क्लेमचा फॉर्म हा लेखच आहे. मला तर वाटतं, तो अतिचार सांगणाऱ्यांनी आपल्यासारखी व्यापारी घरं डोळ्यांसमोर ठेवूनच सांगितला असावा.

आता कुणी म्हणेल, घरातल्या ज्याने चालवली त्याच्याकडे लायसन्सच नसेल तर? तिथं विषय खरोखर गंभीर होतो, आणि तिथंच खोटं बोलण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो.

पुण्याची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. टीव्हीवर 300 शब्दांच्या निबंधाची चर्चा जास्त झाली. मला मात्र पुढचं जास्त लागलं. गाडी मी चालवत होतो असं सांग, म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला, त्यात वडील आणि आजोबांना अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात आईला अटक झाली. आरोपांचं काय ते कोर्ट ठरवेल. पण एका पोराच्या हातातल्या चावीमागे तीन मोठी माणसं आत गेली, आणि आरोप होता तो खरं लपवल्याचा.

कायदा 2019 पासून कडक झालाय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. दहावीचं पोरगं "बाजारपर्यंतच" गाडी नेतं, तेव्हा आपण कौतुकाने बघतो. बघू नका.

विम्याचं काय होतं? समोरच्या माणसाचं नुकसान सहसा बुडत नाही. सुप्रीम कोर्टाने स्वर्णसिंग प्रकरणात 2004 साली सांगितलं की मालकाने लायसन्सबाबत हलगर्जी केली हे कंपनीला सिद्ध करावं लागेल, आणि ते सिद्ध झालं तरी कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावून मग ते मालकाकडून वसूल करायला सांगता येतं. जखमीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण वसूल कुणाकडून? मालकाकडून. आणि मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींच्या नावावर गाडी आहे? धनत्रयोदशीला "तुझ्या नावाने घेतली" म्हणून हार घालून फोटो काढलेली गाडी. मुलगा विनालायसन्स घेऊन गेला, तर नोटीस तुमच्या नावाने येईल. मृत्यूच्या दाव्याला रकमेची वरची मर्यादा नसते.

त्याच नावाचा आणखी एक पेच. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो. तो मालकालाच, तेही मालकाकडे लायसन्स असेल तर. गाडी तुमच्या नावावर, चालवतात हे, आणि दुर्दैवाने यांनाच काही झालं, तर ते 15 लाख मिळत नाहीत. चूक स्वतःची असेल तर थर्ड पार्टीतूनही मिळत नाहीत, कारण दुसऱ्याची गाडी चालवणारा कायद्याने मालकाच्या जागी उभा राहतो. म्हणून घरात जो जो गाडी चालवतो, त्याचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा असावा. त्याचा हप्ता फार नसतो, पर्युषणातल्या एका दिवसाच्या प्रभावनेहून कमीच भरेल. आणि नुसती थर्ड पार्टी पॉलिसी घेऊन पैसे वाचवणाऱ्यांना एवढंच सांगते की त्यात गाडीत बसलेल्या घरच्यांच्या भरपाईचा भरवसा नाही. पूर्ण पॅकेज पॉलिसीत त्यांचा दावा धरला जातो.

लायसन्सची तारीखही बघा. मुदत संपल्यावर पूर्वी 30 दिवसांची सवलत होती, ती गेली. ज्यांना अजून काढायचंय त्यांना शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधार कार्डावर घरबसल्या देता येते. पक्क्यासाठी महिन्याभराने जालन्याला आरटीओत जावं लागेल, 6 महिन्यांच्या आत.

आणि ज्यांच्या घरात गाडी अजून स्वर्गवासी सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांनी हे आजच करा. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि 3 महिन्यांच्या आत गाडी वारसाच्या नावावर करायची असते. पॉलिसीही तेवढेच 3 महिने चालते, किंवा मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतच. त्यानंतर ती गाडी घरातल्या कुणीही, कितीही जपून चालवली, तरी परवानगी देणारा मालकच कागदावर उरलेला नसतो.