तळ्याचे सुशोभीकरण आणि जनतेची हकालपट्टी

रायपूर शहराच्या मध्यभागी बुढा तालाबाच्या काठी माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे आणि शाळेला लागून मैदान आहे. 2020 साली 'स्मार्ट सिटी' योजनेखाली या तळ्याच्या सुशोभीकरणाचे आणि भोवतालचे रस्ते रुंद करण्याचे काम निघाले, तेव्हा या मैदानाचा लचका तोडण्यात आला. माजी विद्यार्थी, जुने खेळाडू आणि आसपासचे नागरिक यांनी त्याला विरोध केला, पण काम थांबले नाही. त्याच तळ्याच्या काठी शहराचे धरणे स्थळ होते. अंगणवाडी सेविका, मितानीन म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, कंत्राटी कर्मचारी, शिक्षक आणि शेतकरी आपली गाऱ्हाणी घेऊन तेथे बसत. काही वर्षांपूर्वी हे धरणे स्थळही शहरातून उठवून नवा रायपुरातील तूता येथे, कित्येक किलोमीटर दूर, नेण्यात आले. तळे सुंदर झाले. मात्र त्याच्या काठावरून मुलांचे खेळ आक्रसले आणि जनतेचा आवाज हद्दपार झाला. या दोन घटनांकडे स्थानिक कुरबुरी म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. त्यांच्यामागे एक निश्चित वर्गीय धोरण आहे.

ज्यांच्या नावाच्या शाळेचे मैदान कापले गेले, त्या सप्रे यांनीच हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. मराठी मातृभाषेच्या या संपादकाने 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहकारी होते. पुढे 1908 साली ब्रिटिश सरकारने सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक केली. समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत आणले. त्यांच्या मासिकात 1901 साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील अगदी सुरुवातीच्या लघुकथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारच्या गरीब विधवेची झोपडी आड येते. तो कायद्याचा आधार घेऊन झोपडी ताब्यात घेतो. म्हातारी चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि ती टोपली उचलू लागायला जमीनदारालाच सांगते. त्याला ती उचलवत नाही. एका टोपलीचे ओझे न पेलणारा माणूस साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार, या तिच्या प्रश्नाने तो वरमतो आणि झोपडी परत करतो.

कथेतील जमीनदाराला टोपलीला हात तरी लावावा लागला. आजच्या जमीनदाराला तेवढेही करावे लागत नाही. माती उपसायला यंत्र येते, आदेश एक कार्यालय काढते, काम दुसरे कार्यालय देते, कंत्राट तिसऱ्याच्या हाती असते आणि म्हातारीने कोणाला गाठावे हेच कोणी सांगत नाही. म्हणूनच हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसणे आज कष्टकरी जनतेला परवडणारे नाही.

छत्तीसगढ हा तळ्यांचा मुलूख आहे. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस तळी, असा हिशेब तेथील लोकपरंपरेत सांगितला जातो. पावसाचे पाणी अडवून वर्षभर पुरवणे, गुरांना पाणी देणे, विहिरी जिवंत ठेवणे हे या तळ्यांचे काम. अंघोळीचा घाट, भोजलीचे विसर्जन आणि मृताचे दशगात्र हेही तळ्याच्याच काठी. रायपूरच्या वस्त्यांची नावेच पाहावीत : तेलीबांधा, महाराजबंध, राजबंधा. प्रत्येक नावात बांध आहे आणि प्रत्येक बांधात माती वाहणाऱ्या हातांचा घाम आहे. यातील राजबंधा तळे बुजले आणि तेथे मैदान व पुढे इमारती झाल्या. लेंडी तालाबाच्या जागी शास्त्री बाजार उभा आहे. जी तळी उरली त्यांचे सुशोभीकरण झाले. तेलीबांध्याला तर मुंबईच्या नकलेने 'मरीन ड्राइव्ह' हे नाव मिळाले. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या शहराला समुद्रकाठचे नाव उसने घ्यावे लागले, कारण तेल्याच्या बांधाला बाजारात भाव नव्हता. ज्या काठावर झोपड्या होत्या तेथून त्या उठल्या आणि फिरायला येणाऱ्यांसाठी दिवे लागले.

जी गत तळ्यांची तीच छोट्या रेल्वेची. रायपूर ते धमतरी हा अडीच फुटी अरुंद मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने 1900 साली खुला केला. अभनपूरहून त्याची एक शाखा राजिमला जात असे. साम्राज्यवाद्यांनी तो जनसेवेसाठी बांधला नव्हता. जंगलातील लाकूड आणि खोऱ्यातील तांदूळ बाहेर नेणे हा त्याचा हेतू होता. पण शतकभरात जनतेने तो आपला केला. भाजीची पाटी, दुधाची बरणी, गवंड्याची थापी घेऊन माणसे अल्प भाड्यात थेट शहराच्या पोटात उतरत. 2017 साली रायपूर ते केंद्री हा भाग बंद झाला आणि रुळांच्या जागेवर मोटारींसाठी द्रुतगती रस्ता बांधण्यात आला. 2019 च्या पावसाळ्यात तेलीबांध्याजवळ या रस्त्याच्या उड्डाणपुलाचा भाग खचला आणि सरकारला चौकशी लावावी लागली. शंभर वर्षे टिकलेला मार्ग उखडून जे बांधले, त्याला दोन पावसाळेही धड सोसले नाहीत. 2025 मध्ये राजिमपर्यंत रुंद मार्गाची गाडी सुरू झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ती मंदिर हसौद आणि नवा रायपूर असा वळसा घेऊन धावते. शहराच्या पोटातून जाणारी गरिबांची वाट मात्र मोटारवाल्यांच्या हवाली झाली ती झालीच.

यावर सत्ताधाऱ्यांचे समर्थक म्हणतात की शहर वाढते आहे, जुने कवटाळून कसे चालेल? शहर वाढले आहे हे खरेच. 1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर राजधानी झाले. 2001 साली सुमारे 6 लाख असलेली महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 10 लाखांच्या वर गेली. जुने ते सारे पवित्र, असे श्रमिकांची चळवळ कधीच म्हणत नाही. जुन्या रायपुरात कलचुरींची आणि नागपूरकर भोसल्यांची राजवट होती, वेठबिगार होती, पाणवठ्यावर जातीची उतरंड होती. घाण साचलेले तळे साफ होऊ नये, रस्ता रुंद होऊ नये, अशी मागणी कोणीही शहाणा माणूस करणार नाही. प्रश्न बदल हवा की नको हा नाही. बदल कोणासाठी, कोणाच्या जमिनीवर आणि कोणाला विचारून, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर रायपूरच्याच रस्त्यावर मिळते. तात्यापारा या जुन्या मराठी वळणाच्या वस्तीपासून शारदा चौकापर्यंतचा रस्ता रुंद करण्याचा विषय वर्षानुवर्षे रेंगाळला, कारण तेथे मालकी हक्काची दुकाने होती आणि मोबदल्याची रक्कम मोठी होती. त्या दुकानदारांना मोबदला मिळालाच पाहिजे. पण शाळेच्या मैदानाला मोबदला मागणारा मालक नव्हता, धरणे स्थळाचा सातबारा कोणाच्या नावे नव्हता, तळ्याकाठच्या झोपडीला कागद नव्हता. म्हणून तेथे यंत्रे विनाविलंब पोचली. भांडवलशाहीत खाजगी मालकीला न्यायालय आहे, मोबदला आहे, वाटाघाट आहे. जे सर्वांचे आहे ते मात्र कोणाचेच नाही असे धरून चालले जाते.

हे काम सुकर व्हावे म्हणून व्यवस्थाही तशीच उभारण्यात आली. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना अधिकार आणि वॉर्ड समित्या देऊ केल्या. 'स्मार्ट सिटी' योजनेने, जिच्यात रायपूरची निवड 2016 साली झाली, कामाची सूत्रे वेगळ्या कंपनीच्या हाती दिली. केंद्राकडून प्रत्येक शहराला पाच वर्षांत 500 कोटी रुपयांपर्यंत मदत ठरली होती. पैसा जनतेचा होता. निर्णय मात्र निवडून आलेल्या सभागृहात न होता संचालक मंडळाच्या बैठकीत होऊ लागले. राज्यात या काळात सत्ता बदलली, भाजपच्या जागी काँग्रेस आली आणि पुन्हा भाजप आला. पण मैदान, तळे आणि धरणे स्थळ यांच्याबाबतचे धोरण बदलले नाही. मालदार वर्गाच्या पक्षांमधील भांडण कंत्राट कोणाच्या राजवटीत निघावे एवढ्यापुरते असते.

महाराष्ट्रातील वाचकांना ही कहाणी परकी नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे काय झाले हे सर्वांसमोर आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. 2001 साली नियमात फेरफार झाला, हा वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो फेरफार उचलून धरला. भोंगा गेला, चाळ गेली, चाळीच्या पटांगणातली सभा गेली. फ्रेडरिक एंगल्स यांनी 1872 साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना पॅरिसच्या पुनर्रचनेचा दाखला दिला होता. बूर्झ्वा वर्ग दाट वस्तीचा प्रश्न सोडवत नाही, तो फक्त दुसरीकडे ढकलतो, हे त्यांनी दाखवून दिले. पॅरिस, परळ आणि रायपूर यांच्यात दीड शतकाचे अंतर आहे. पद्धत तीच आहे.

जुन्या खुणांविषयीचे प्रेम ही दुबळी भावना समजून तिची हेटाळणी करणे हाही दोष आहे, आणि तो डाव्या चळवळीतही आढळतो. मैदान, घाट, स्टेशन, धरणे स्थळ या केवळ आठवणी नाहीत. माणसे एकमेकांना ओळखतात, एकत्र येतात, संघटित होतात ती याच जागी. धरणे शहराबाहेर नेले की मागणीपत्र देणाऱ्या बाईची एका दिवसाची मजुरी प्रवासातच बुडते, आणि तिचा आवाज ऐकायला रस्त्यावर माणूसच नसतो. सत्ताधारी वर्गाला हे नेमके कळते. ते कष्टकऱ्यांच्या संघटनांनाही तितकेच कळले पाहिजे.

म्हणून काही मागण्या ठामपणे पुढे आल्या पाहिजेत. शहरातील उरलेल्या सर्व तळ्यांच्या सीमा जुन्या महसुली नोंदींनुसार निश्चित करून त्यांची जाहीर यादी लावावी. तळ्यांच्या आणि सामाईक जमिनींच्या रक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाचे 2001 आणि 2011 चे निकाल त्यासाठी हाताशी आहेत. वॉर्डातील नागरिकांच्या खुल्या सभेत संमती मिळाल्याखेरीज कोणत्याही शाळेच्या मैदानाचा वापर बदलू नये. 'स्मार्ट सिटी' योजनेची मुदत मार्च 2025 मध्ये संपली. तिच्या सर्व कामांचा हिशेब महापालिकेच्या सभागृहापुढे यावा. तळ्याकाठच्या फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी आणि जागा मिळावी. धमतरी-राजिम भागातून येणाऱ्या मजुरांच्या वेळा आणि खिसा पाहून गाड्या सोडाव्यात. आणि धरणे स्थळ पुन्हा शहरात, लोकांच्या नजरेसमोर आले पाहिजे.

या मागण्या निवेदनांनी मान्य होणार नाहीत. माजी खेळाडू, पालक, फेरीवाले, सफाई कामगार आणि रोजंदारीवर शहरात येणारे खेडूत हे आजवर वेगवेगळे लढले, म्हणून वेगवेगळे हरले. त्यांना एका मंचावर आणणे हे रायपुरातील, तसेच नागपूर, पुणे, इंदूर अशा प्रत्येक शहरातील पक्षशाखांचे तातडीचे काम आहे. सप्रे यांच्या कथेतील म्हातारी एकटी होती, तिच्या हाती एकच टोपली होती. तशा हजारो टोपल्या एकत्र आल्या की जमीनदाराच्या मनाला पाझर फुटण्याची वाट पाहावी लागत नाही.