हरिता आणि घूस

जुन्या वाड्याच्या ढासळलेल्या भिंतीचा पंचनामा या आठवड्यात बाहेर आला, आणि त्यात अपराधी म्हणून एकट्या शेवाळाचे नाव दाखल झालेले पाहिल्यावर, सिमेंटच्या गिलाव्याविषयीची माझी जुनी कुरकुर ज्यांना पाठ आहे अशा वाचकांना मी आज पुन्हा लेखणी का उचलली हे निराळे सांगावयास नको.

हे शेवाळ म्हणजे फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका नावाची हरिता. उंची जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. खरी मुळे नाहीतच, धाग्यांसारखी मूलाभे तेवढी. आणि मधली शीर वगळता पान एकाच पेशीच्या जाडीचे, त्यामुळे अंगावर पडेल ते पाणी ती अंगानेच पिते, त्यासाठी चुन्यात खोल उतरण्याची तिला गरज नाही. तिच्या बारीक देठाच्या टोकाला मान खाली घातलेले बोंड असते. हवा कोरडी-दमट होईल तसा देठ पिळवटतो, उलगडतो, आणि बोंड गिरक्या घेते. ती ओल धरून ठेवते हे मान्य. परंतु मुळात ओल मुरली ती चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापून तिचा श्वास कोंडणाऱ्यांच्या कृपेने, असे माझे ठाम मत आहे, मग पुरावा कोणी मागो वा न मागो.

आता त्याच भिंतीच्या पायथ्याशी पाहावे. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, आणि आत घूस: किलोभर वजनाची, डिवचली असता केस फुलवून डुकरासारखी गुरगुरणारी, पटाशीचे दात आमरण वाढत असल्यामुळे कुरतडण्यावाचून जिला गत्यंतरच नाही अशी. पाया पोखरण्याची ही ख्याती असूनही पंचनाम्यात तिच्याविषयी चकार शब्द नाही! पंचनामा कचेरीच्या वेळात होतो आणि घूस रात्रपाळीची, हे कारण वरवरचे झाले. खरवडलेले शेवाळ चौरस मीटरने मोजमाप पुस्तिकेत चढवता येते, त्याचे देयक निघते. बिळाची वळणे मोजायला जमिनीवर पालथे कोण पडणार?

दुरुस्तीचा हुकूमही सुटला आहे म्हणे: तारेच्या ब्रशाने शेवाळ साफ करणे, त्यावर सिमेंटचा गिलावा, मुदत दिवाळीपर्यंत. घुशीवर नोटीस बजावण्याचे कलम त्यात मला तरी आढळले नाही.

— ओसरीकर