गाळ कोण काढणार?

वाचकहो, यंदा दिवाळीच्या शुभेच्छा देताना हात थोडा अडखळतो. सप्टेंबरच्या पावसाने मांजरा आणि सिंदफणेच्या काठची शेतं नुसती भिजवली नाहीत, कित्येकांची मातीच नेली. सोयाबीन गेलं तर पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतं. माती गेली तर पेरायचं कशात? ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि ३ लाख रुपये रोजगार हमीच्या कामांतून मिळतील, असं सांगितलं आहे. बुजलेल्या विहिरीला ३० हजार. ही मदत हवीच होती, ती वेळेवर आणि पूर्ण मिळावी.

वर्षात बाकीही घडलं. अहिल्यानगर ते बीड रेल्वे अखेर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी धावली. किती पिढ्या या गाडीची वाट पाहत होत्या.

पण आम्हाला वर्षभर खुपत राहिली ती एक वेगळीच गोष्ट. पर्यावरणाच्या आणि पाण्याच्या कामांना सरकारी निधी येतो, काम होतं, फलक लागतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, बिल निघतं. त्यानंतर त्या कामाकडे परत वळून बघायला त्याच्या मंजुरीत बहुधा एक रुपया नसतो. आमचं घाटनांदूर बालाघाट डोंगराच्या माथ्यावर आहे. इथं पडलेलं पाणी मुक्कामाला राहत नाही, उतार दिसेल तिकडे निघून जातं. त्याला अडवायचं तर नाला बांध, सिमेंट बंधारा, समतल चर हवेतच, आणि ते दर दोन-तीन पावसाळ्यांनी साफ करणारे हातही हवेत. ओढ्याला माती घेऊन येण्याची सवय आहे. बंधारा पाणी अडवतो तसा मातीही अडवतो. गाळ साचला की बंधाऱ्यात पाणी मावत नाही आणि खाली मुरतही नाही. एवढं साधं गणित शेतावर राबणाऱ्या कुठल्याही बाईमाणसाला ठाऊक आहे, मग ते अंदाजपत्रकात का उतरत नाही?

जलयुक्त शिवारचंच घ्या. डिसेंबर २०१४मध्ये अभियान सुरू झालं, २०१९पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा होता. कॅगचा अहवाल २०२०मध्ये विधिमंडळात आला. सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्याचं उद्दिष्ट फारसं साधलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. तपासलेल्या जिल्ह्यांत आपला बीडही होता. त्यावर राजकारण खूप झालं. एका बाजूने योजनाच फोल ठरवली, दुसऱ्या बाजूने अहवालच चुकीचा ठरवला. आमचं मत दोन्हीकडे बसत नाही. कामं झाली, आणि अनेक ओढ्यांत सुरुवातीची वर्षं पाणी थांबलंही. त्या अहवालातली आम्हाला सर्वांत बोचलेली नोंद वेगळीच होती: झालेल्या कामांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी गावांना निधी दिला गेला नव्हता. या ओळीवर कुणी भांडलं नाही. जानेवारी २०२३मध्ये जलयुक्त शिवार २.० आलं. नाव तेच, ओढे तेच, पुन्हा नव्या कामांची यादी.

आपल्या अंबाजोगाई तालुक्याला तर हे जास्त लागतं. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातून तीनच तालुके निवडले होते: वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई. भर उन्हाळ्यात ४५ दिवस माणसं टिकाव-फावडी घेऊन माळावर उभी होती. ऊसतोडीहून परतलेली माणसं, ज्यांच्या अंगात त्राण उरलेलं नसतं, तीही चर खोदत होती. त्या घामाचं मोल कुठल्याही जिल्हा नियोजनाच्या आकड्यापेक्षा मोठं आहे. ते चर भरले असतील तर तो गावाचा आळस म्हणून सोडून देता येणार नाही. लोकांनी श्रम दिले, पुढची व्यवस्था शासनाने लावायची होती.

आणि व्यवस्था लावता येते, हे याच महाराष्ट्रात सिद्ध झालं आहे. नव्वदच्या दशकात नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम चालला. त्यामागे फादर हर्मन बाखर यांची तळमळ होती; १९९३मध्ये उभ्या राहिलेल्या ‘वॉटर’ (WOTR) संस्थेतही त्यांचा वाटा होता. तिथं गावाने आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच निधी. काम माथ्यापासून पायथ्याकडे. आणि काम संपल्यावर गावाच्या हाती देखभालीसाठी वेगळी रक्कम राहावी, हे योजनेतच लिहिलेलं होतं. परका देणगीदार जे लिहून घेतो, ते आपण आपल्याच पैशाला का लावत नाही?

आता ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. हवामान बदलाला तोंड देणारी शेती हा त्याचा घोषित हेतू. २०१८मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, सुमारे ४ हजार कोटींचा प्रकल्प झाला, पाच हजारांवर गावं घेतली, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली: आयआयटी मुंबईच्या साहाय्याने गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत. किती पाऊस पडला, किती अडला, पिकांना किती लागणार, हे गावाने स्वतः पाहायचं. ठिबक, फळबाग, शेततळं, रेशीम यांचं अनुदान थेट खात्यावर येतं हेही चांगलं. मात्र आधी पूर्वसंमती, मग पदरचा खर्च, मग मोका तपासणी, मग अनुदान, या क्रमात हातात रोकड नसलेला दोन एकरवाला मागे राहतो. त्याचा दुसरा टप्पाही मंजूर झाला आहे: २१ जिल्हे, सुमारे ६ हजार कोटी. यातलं बरंच कर्ज आहे, वाचकहो. ते आपली मुलं फेडणार आहेत. फेडीची वर्षं संपण्याआधी बंधारा गाळाने बुजलेला असेल, तर त्यांनी नेमकं कशाचे पैसे भरायचे?

आमची मागणी छोटी आहे. पाणी, माती, झाडं यांच्या प्रत्येक सरकारी कामाच्या मंजुरीतच दहा टक्के रक्कम देखभालीसाठी बाजूला ठेवा, ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात, आणि तिचा खर्च ग्रामसभेत वाचून दाखवा. २०१९ची ३३ कोटी वृक्षलागवड आठवा. रोप लावण्याचा दिवस ठरला होता, तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार हे कुणी ठरवलं होतं? २०२२मध्ये जिल्हा परिषदेवर प्रशासक आले आणि असे प्रश्न विचारायला सदस्यही उरले नाहीत. निवडणुका होतील तेव्हा मत मागायला येणाऱ्याला नव्या बंधाऱ्याचं आश्वासन मागू नका, जुन्याचं विचारा.

अंकाचा यंदाचा विषय ‘हिशेब’ आहे. लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजतो, म्हणून तो सुचला. कथा आणि कवितांत तो नात्यांचा आहे, लेखांत ऊसतोडीच्या उचलीचा आणि बाजार समितीच्या पट्ट्यांचा. पाण्याचा तेवढा राहिला होता, तो इथं मांडला.

या हिशेबातून एक काम निघतं. जुन्या पाणसाठ्यांचा गाळ काढणं रोजगार हमीच्या कामांत बसतं. पुढच्या वर्षीच्या कामांचा आराखडा ग्रामसभेतून वर जातो. आपल्या शिवारातल्या जुन्या बंधाऱ्याचं नाव, गट क्रमांकासह, लेखी अर्जाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या.