उद्घाटनानंतरचे घर

बेघरांच्या घरांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच दिशांनी जाते. एक दयेची, दुसरी बांधकामाच्या खर्चाची. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दयेविषयी अधिकाराने बोलणे मला शोभणार नाही; पण खर्चाविषयी चार शब्द बोलायला हरकत नसावी. आपण वहीचे भलतेच पान उघडून बसलो आहोत असे मला वाटते.

उदाहरण दूरचे घेतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागी स्किड रो नावाचा भाग आहे. हजारो माणसे तेथे फूटपाथवर राहतात. १९८९ साली स्थापन झालेल्या स्किड रो हाउसिंग ट्रस्टने तेथील जुनी हॉटेले घेऊन त्यांत बेघरांना कायमच्या भाड्याच्या खोल्या दिल्या. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के द्यायचे, उरलेले सरकारी अनुदानातून यायचे. पुढे ट्रस्टने नव्या इमारतीही बांधल्या. त्यांतली स्टार अपार्टमेंट्स २०१४ च्या सुमारास पुरी झाली. मायकेल मॉल्टझन या वास्तुविशारदाने जुन्या एकमजली इमारतीच्या वर, कारखान्यात तयार करून आणलेल्या खोल्या क्रेनने रचून १०२ घरे उभी केली. प्रत्येकाला स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी. शिवाय बाग, पळायला वाट. खूप कौतुक झाले.

आणि २०२३ च्या आरंभी याच ट्रस्टने हात टेकले. २९ इमारती, दीड हजारांच्या आसपास भाडेकरू, आणि चालवायला पैसा नाही. अखेर न्यायालयाला रिसीव्हर नेमावा लागला.

यावर कोणी म्हणेल, "बघा, गरिबांना बागा कशाला? डोक्यावर छप्पर असले की झाले!" हिशोब मात्र उलटे सांगतो. ट्रस्टला जड झाली ती मुख्यतः जुनी हॉटेले. चिंचोळ्या खोल्या, सामाईक संडास, स्वयंपाकाला जागा नाही. फूटपाथवरचा माणूसदेखील तेथे यायला कां कूं करतो, आणि त्याचे काय चुकले? खोली रिकामी राहिली की भाडेही नाही आणि अनुदानही नाही. पैसा नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून आणखी खोल्या रिकाम्या. म्हणजे वाईट घर स्वस्त पडते हा आपला समज कागदावरसुद्धा टिकत नाही.

घसारा आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. यंत्र घेतले की त्याच दिवसापासून त्याची झीज खर्ची टाकायची. बेघरांच्या इमारतीला मात्र हा नियम लावायचे कोणाला सुचत नाही. दारात उतार केला, लिफ्ट बसवली, अपंगांसाठी सोय झाली म्हणून फोटो निघाला. चौथ्या वर्षी लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीचा निधी नसला, तर चाकाच्या खुर्चीतल्या बाईला तिसरा मजला म्हणजे कैद.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सतरा लाख त्र्याहत्तर हजार माणसे बेघर नोंदली गेली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा हवा असे बजावले. निवारा हवाच, पण तेथे सतरंजी मिळते, किल्ली मिळत नाही. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत घरासाठी अनुदान आहे. पण त्यासाठी स्वतःची जागा तरी हवी किंवा स्वतःचा हिस्सा भरायची ऐपत तरी. स्टेशनवर झोपणाऱ्याकडे दोन्ही नाही. त्याला भाड्याचे घर हवे आणि ते चालवणारा मालक हवा. (आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांच्या भाषेत घराला 'मने' म्हणतात. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा, तरी मला तो इथे खटकत नाही.)

म्हणून माझी मागणी साधी आहे. अशा इमारतीच्या नकाशाला वीस वर्षांचा जमाखर्च जोडलेला असावा : भाडे किती येणार, रिकाम्या खोल्या किती धरल्या, राखीव निधीत दरमहा काय पडणार. पंप असा निवडावा की गल्लीतल्या मिस्त्रीला तो उघडता यावा. भिंतीत नळ गाडू नयेत. सौरऊर्जेचे पाणी हवेच, पण टाकी कोण साफ करणार त्याचे नाव आधी ठरावे.

आमच्या वर्गाला दरवर्षी कुठल्या तरी कारखान्याचा ताळेबंद प्रकल्प म्हणून देतात. यंदा महापालिकेकडून एखाद्या रात्रनिवाऱ्याचे हिशोब मागून तेच आम्हांला द्यावेत, अशी प्राध्यापकांना विनंती आहे.